गाण्यांचा रांजण

मुलांनो, तुमच्या घरी नळाला पाणी कधी येतं? रोज येतं की एक दिवसाआड? मी ज्या गावात शिकवते तिथे एक दिवसाआड येतं, तेही सकाळी सात ते पावणेआठ एवढंच. पाणी आलं रे आलं की घराघरांत एकच धांदल उडते. हंडे, कळशा, बादल्या, पिंप, रांजण, अगदी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवतात. "नळ आहे की दारात, मग भरून कशाला ठेवायचं?" असं त्या गावात कुणीच म्हणत नाही. नळ आपल्या दारात असला तरी चावी दुसऱ्याच्या हातात असते, हे तिथलं लहान पोरही जाणतं.

आज मला पाण्याविषयी सांगायचं नाही, गाण्यांविषयी सांगायचं आहे. पण हा नळ आणि हा रांजण लक्षात ठेवा हं! पुढे उपयोगी पडणार आहेत.

गोष्ट आहे फेब्रुवारी २०२४ मधली. आमची शाळा दोन शिक्षकांची, पहिली ते चौथीची. मागे डोंगर, पुढे मैदान, मैदानाच्या कडेला जुनं चिंचेचं झाड. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात चौथीच्या आठ मुली एका कोळीगीतावर नाच करणार होत्या. नाच मीच बसवला होता. तीन आठवडे रोज सराव चालला होता. गाणं माझ्या मोबाईलवर होतं. गाण्यांच्या एका ॲपचे मी दरमहा पैसे भरत असे. शाळेत रेंज नसते, म्हणून तालुक्याच्या गावी, माझ्या घरी असताना मी ते गाणं ॲपमध्ये उतरवून घेतलं होतं. शाळेत ते रोज वाजायचं. त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते.

संमेलनाचा दिवस उजाडला. मांडव पडला, लाऊडस्पीकर आला, वाड्यावस्त्यांवरून माणसं आली. आमच्या आठजणी लुगडी नेसून, गजरे माळून, हातात पुठ्ठ्याची वल्ही घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मी मोबाईल स्पीकरला जोडला आणि गाण्यावर बोट ठेवलं.

गाणं वाजेना!

पडद्यावर अक्षरं आली, तुमची मुदत संपली आहे, इंटरनेटला जोडा. महिन्याचे पैसे बँकेतून आपोआप जायचे, ते त्या वेळी गेलेच नव्हते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मुख्याध्यापकांचा मोबाईल घेतला, रेंज नाही. सरपंचांचा घेतला, नाही. शेवटी गावातला एक तरुण माझा मोबाईल घेऊन मोटारसायकलवरून पाण्याच्या टाकीपाशी गेला. तिथे एक दांडी रेंज येते. इकडे मुली म्हणाल्या, "बाई, आम्हीच तोंडाने म्हणतो." त्यांनी सुरुवात केली. पण पहिल्या कडव्यानंतर शब्दच आठवेनात. एक पुढे गेली, दुसरी मागे राहिली. मांडवात कुणीतरी हसलं. मुली थांबल्या आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसल्या.

तो तरुण परत आला तोवर बक्षीस समारंभ सुरू झाला होता. मग पाहुण्यांची भाषणं झाली. वरच्या वाडीच्या लोकांना अंधार पडायच्या आत डोंगर चढून घर गाठायचं होतं. नाच राहिला तो राहिलाच.

त्या आठजणींतल्या एकीची आई त्या दिवशी मजुरी बुडवून आली होती. लेकीचा नाच बघायला म्हणून पहिल्यांदाच. जाताना ती मला म्हणाली, "जाऊ द्या बाई, मशीनचं काय, चालायचंच." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी शाळा भरली. तीच मुलगी हजेरीच्या वेळी माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, एक विचारू? तुम्ही त्या गाण्याचे पैसे भरले होते ना?"

"हो गं. दर महिन्याला भरते."

"मग ते गाणं तुमचं नाही का?"

मुलांनो, मी शिक्षिका आहे. दिवसभरात मला पन्नास प्रश्न विचारले जातात आणि बहुतेकांची उत्तरं मला येतात. पण या प्रश्नाला मी गप्प बसले. घरी आल्यावर विचार केला, आणि मग नळ आठवला.

इंटरनेटवरून गाणं ऐकतो त्याला 'स्ट्रीमिंग' म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी वाहता प्रवाह. गाणं कुठेतरी दूर, कंपनीच्या मोठमोठ्या संगणकांवर असतं. आपण मागितलं की ते थोडं थोडं वाहत आपल्याकडे येतं, वाजतं आणि निघून जातं. म्हणजे हा झाला नळ! "पण बाई, आम्ही गाणं डाउनलोड करतो की," असं तुम्ही म्हणाल. मीही केलंच होतं. पण ॲपमध्ये उतरवलेलं गाणं ॲपच्याच कुलपात राहतं. तुमचे पैसे भरलेले आहेत की नाहीत, हे ॲप अधूनमधून कंपनीला विचारत असतं. उत्तर 'नाही' आलं किंवा बरेच दिवस काही उत्तरच आलं नाही, की कुलूप लागलं! म्हणजे पिंप आपल्या घरात, पण झाकणाची किल्ली त्यांच्याकडे. आपण पैसे देतो ते गाण्याचे नव्हेत, गाणं ऐकू देण्याचे. भाड्याच्या घरासारखंच. भाडं द्याल तोवर राहा.

आणि हे फक्त माझ्यापुरतं झालं असंही नाही. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक या दोन कंपन्यांचा करार जुळला नाही. कितीतरी हिंदी गाणी एका दिवसात त्या ॲपवरून नाहीशी झाली. ऐकणाऱ्यांचा यात काय दोष होता? काहीच नाही. ३१ जानेवारी २०२४ ला रेसो नावाचं ॲप भारतात बंद झालं. त्याच वर्षी विंक म्युझिक बंद करण्यात आलं. लोकांनी आवडीच्या गाण्यांच्या याद्या वर्षानुवर्षं जमवल्या होत्या. दुकानाने शटर ओढलं की याद्याही आत राहिल्या. अमेरिकेत मायस्पेस नावाची फार प्रसिद्ध जागा होती. तिथे होतकरू गायक-वादक आपली गाणी ठेवत. २०१९ मध्ये कळलं, की सामान हलवताना त्यांच्याकडून २००३ ते २०१५ या काळातली सगळी गाणी हरवली. सुमारे ५ कोटी! ज्यांनी स्वतःजवळ प्रत ठेवली होती त्यांची वाचली. बाकीच्यांची गेली.

गाणं हातात धरून ठेवावं, ही ओढ काही आजची नाही बरं का. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांची गीतं आणि सुधीर फडक्यांचं संगीत. वर्षभर ५६ गीतं ऐकवली गेली. लोक रेडिओभोवती जमून, जिवाचा कान करून ऐकत. पण एकदा वेळ चुकली की चुकली! रेडिओ म्हणजेही नळच की. पुढे त्या गीतांच्या तबकड्या निघाल्या, मग कॅसेट निघाल्या आणि लोकांनी त्या घरी आणून ठेवल्या. आता वाटेल तेव्हा, वाटेल तितक्या वेळा ऐका. नळाच्या पाण्याने रांजण भरला!

आमच्या घरीही असा एक रांजण होता. माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. १९९४ साली, मी सहा वर्षांची असताना, त्यांनी टू-इन-वन आणला. म्हणजे एकाच यंत्रात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर. पगार झाला की बाबा महिन्याला एक कॅसेट आणत. कोणती आणायची ते घरातल्या एकाने ठरवायचं. एका महिन्यात आई, एका महिन्यात दादा, एका महिन्यात मी. माझा नंबर तीन महिन्यांनी यायचा. त्यामुळे मी त्याचा केवढा विचार करत असे! आता माझ्या मोबाईलवर कोट्यवधी गाणी आहेत, पण कोणतं ऐकावं तेच सुचत नाही. गंमतच आहे, नाही का?

तुमच्यातल्या पुष्कळांनी कॅसेट पाहिलीही नसेल. ती फिलिप्स कंपनीने १९६३ साली जगापुढे आणली. प्लॅस्टिकची चपटी डबी, आत दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकायची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटं वाजे. मग आतली फीत किती लांब? चला, वही काढा! ३० मिनिटं म्हणजे १८०० सेकंद. १८०० गुणिले ४.७५. उत्तर आलं ८५५० सेंटिमीटर, म्हणजे साडेपंच्याऐंशी मीटर. तुमच्या तळहाताएवढ्या डबीत एवढी लांबलचक फीत! ती कधी कधी यंत्रात अडकून बाहेर यायची. मग चाकात पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळत बसायचं. तो आमचा ठरलेला उद्योग.

कॅसेटच्या मागच्या बाजूला दोन छोटे प्लॅस्टिकचे दात असत. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही मुद्रित करता येत नसे. मोडले नाहीत तर करता येई. बाबा कोरी कॅसेट आणून तिच्यावर रेडिओवरची गाणी घेत. आणि गाण्यांच्या मध्ये जागा उरली की मला समोर बसवून कविता म्हणायला लावत. मी अडखळले की पुढचा शब्द स्वतः सांगत. तो त्यांचा आवाजही फितीवर उतरत असे. प्रत्येक कॅसेटवर ते आपल्या गोल अक्षरात नंबर घालत. असे ऐंशीच्या वर नंबर झाले होते.

आता माझी चूक सांगते. लपवून काय करू?

२०१४ साली बाबा गेले. २०१६ पासून मोबाईलचं इंटरनेट एकदम स्वस्त झालं. २०१७ च्या दिवाळीत आम्ही घराची साफसफाई काढली. टेपरेकॉर्डर बंद पडलेला, आतला रबरी पट्टा ढिला झालेला. मी म्हटलं, "सगळी गाणी मोबाईलवर मिळतात की! हा पसारा कशाला?" कॅसेटचं पोतं भंगारवाल्याला दिलं. त्याने काट्यावर वजन केलं आणि माझ्या हातावर चाळीस रुपये ठेवले.

रात्री आईने विचारलं, "ती लाल पट्टीची कॅसेट बाजूला काढलीस ना गं? तुझ्या कवितेची. तीत त्यांचा आवाज आहे."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याकडे पळत गेले. माल रात्रीच ट्रकमध्ये भरून गेला होता. आई मला एक शब्दही बोलली नाही. आजही मोबाईलवर मी बाबांची आवडती सगळी गाणी काढू शकते. पण ती कॅसेट कोणत्याच ॲपवर नाही. जगातल्या कुठल्याच संगणकावर नाही. तिची एकच प्रत होती, ती आमच्याकडे होती आणि ती मी चाळीस रुपयांना विकली.

आता तुम्हांला कळेल, की त्या चिमुरडीचा प्रश्न मला एवढा का लागला.

मी ठरवलं, आता पुन्हा रांजण भरायचा. २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक छोटा म्युझिक प्लेअर घेतला. काडेपेटीहून थोडा मोठा. त्याला सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही, जाहिराती नाहीत, मधूनच 'टिंग' करून कुणाचा निरोपही येत नाही. चार बटणं, एक इवलासा पडदा, हेडफोन लावायचं भोक आणि मेमरी कार्डाची खाच. बस्स! त्याचं काम एकच, गाणं वाजवणं.

अशा प्लेअरचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १९७९ साली जपानमध्ये सोनी कंपनीचा वॉकमन विक्रीला आला आणि माणूस चालता चालता आपली कॅसेट ऐकू लागला. पुढे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. आपल्या कानाला जे फारसं जाणवत नाही ते गाण्याच्या नोंदीतून गाळून टाकायचं. त्यामुळे सीडीवरचं गाणं साधारण अकराव्या हिश्श्यात मावू लागलं. तेच एमपीथ्री. १९९८ मध्ये खिशात मावणारे एमपीथ्री प्लेअर निघाले. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला, हजार गाणी खिशात घेऊन. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बनवणं थांबवलं. पण इतर काही कंपन्या अजून असे प्लेअर बनवतात. तुमच्या आजोबांकडे सारेगामा कंपनीचा 'कारवाँ' असेल, तर तोही यांचाच भाऊ. २०१७ साली तो आला तो पोटात ५००० गाणी घेऊनच. आणि खेड्यातल्या मुलांनो, तुमच्या शेतात पेनड्राईव्ह लावून वाजणारा छोटा रेडिओ असतो ना? तोही त्याच घराण्यातला!

किती गाणी मावतात म्हणता? साध्या प्रतीच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते. चार मिनिटांचं गाणं ४ एमबी. मग ३२ जीबीच्या कार्डात सुमारे आठ हजार गाणी. नखाएवढ्या कार्डात! पण माझ्या प्लेअरमध्ये आज आठ हजार नाहीत, दोनशे बाराच आहेत. आणि एकेक मला ओळखीचं आहे. महिन्याला चार-पाच गाणी मी त्यात घालते. बाबांची पद्धत मी पुन्हा सुरू केली आहे. एका महिन्यात गाणी निवडायची पाळी आईची, एका महिन्यात माझ्या मुलाची, एका महिन्यात माझी. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. पूर्वी तो गाणं अर्धं ऐकून पुढे सरकवायचा. आता स्वतः निवडलेलं असलं की शेवटपर्यंत ऐकतो आणि पुन्हा पहिल्यापासून लावतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. रांजण भरायचा तो चोरीच्या पाण्याने नव्हे हं! मी कॉलेजात होते तेव्हा मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्ड भरून गाणी मिळत. आम्हांला त्यात काही गैर वाटायचं नाही. पण त्यातला एक पैसाही गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला किंवा वाजवणाऱ्याला मिळत नव्हता. तुम्ही चित्र काढलंत आणि कुणी न विचारता त्याच्या प्रती काढून विकल्या, तर तुम्हांला चालेल का? मग गाणी आणायची कुठून? घरात सीडी असतील तर त्यांतली गाणी संगणकावर उतरवून स्वतःपुरती प्लेअरमध्ये घ्यावी. सीडी विकत घ्यावी. पुष्कळ गायक आणि कंपन्या गाण्याची फाइलच विकतात, कुलूप नसलेली. ती एकदा घेतली की आपली. गाणी थोडी येतील, पण हक्काची येतील.

आणि रांजण फुटतोही, हेही ध्यानात ठेवा. कॅसेटला बुरशी लागते, सीडीवर चरे पडतात, मेमरी कार्ड एखाद्या दिवशी अचानक कोरं निघतं. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती हव्यात, आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी हव्यात. माझी एक प्रत प्लेअरमध्ये आहे, दुसरी पेनड्राईव्हमध्ये आईच्या कपाटात. लाल पट्टीच्या कॅसेटची दुसरी प्रत असती तर...! असो.

मी आता ॲप वापरत नाही असं समजू नका. वापरते. नवं गाणं शोधायला, कधीही न ऐकलेला गायक ऐकायला नळ फार चांगला आहे. नळ वाईट असतो असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त जे गाणं आपल्या जिवाचं आहे, ते रांजणात भरून ठेवावं. एवढंच माझं म्हणणं.

जूनमध्ये ती मुलगी पाचवीला शेजारच्या गावच्या शाळेत गेली. एका शनिवारी दुपारी ती मला भेटायला आली. मी तिला प्लेअर दाखवला आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, चार महिने उशिरा. म्हटलं, "तू बरोबर बोलली होतीस. तेव्हा ते गाणं माझं नव्हतं. हे बघ, आता आहे." मी त्या कोळीगीताची सीडी शोधून आणली होती. तिने कानाला हेडफोन लावून अख्खं गाणं ऐकलं. पाय आपोआप ताल धरत होते. मग म्हणाली, "बाई, यात कुठलंही गाणं ठेवता येतं? टी.व्ही.वर नाही आलेलंपण?"

"येतं की. कोणतं ठेवायचं आहे?"

"माझ्या आजीचं."

तिची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. घरात जातं आता वापरात नाही, कोपऱ्यात पालथं पडलेलं. पण ओव्या आजीच्या तोंडात अजून आहेत. पुढच्या रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो. माझ्या प्लेअरला आवाज मुद्रित करायचं बटण आहे. आजी आधी लाजल्या. "नुसतं बसून ओवी सुचत न्हाई बाई," म्हणाल्या. मग नातीने जातं सरळ केलं, धुऊन-पुसून त्यात मूठभर नाचणी घातली. आजींनी खुंटा धरला, आणि अहो, एकामागून एक तेवीस ओव्या आल्या! मध्ये कोंबडा आरवला, तोही मुद्रित झाला. नात मधूनच "आजी, पुढं?" असं विचारते, तोही आवाज आहे. तो मी मुद्दाम काढला नाही.

तुम्हांला ठाऊक आहे का, पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगावच्या बायकांच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या हजारो मुद्रित केल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायला मिळतात. त्यांनी हा केवढा मोठा रांजण भरून ठेवला, म्हणून त्या बायकांचे आवाज आज आपल्यापर्यंत पोहोचले. पण तुमच्या आजीचा आवाज त्यात नाही. तो भरून ठेवायचं काम तुमचं.

फेब्रुवारी २०२५ च्या संमेलनाला मी त्या आठही जणींना मुद्दाम बोलावलं. एकीची बदली होऊन आलेली काकी, दुसरीचा धाकटा भाऊ, सगळी वाडी लोटली होती. मुलींची लुगडी आता आखूड झाली होती. मी प्लेअर स्पीकरला जोडला आणि बटण दाबलं. रेंज नव्हतीच. पण या वेळी ती कुणाला हवी होती? गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजलं. आठही जणी एकदाही चुकल्या नाहीत. मागच्या वर्षी मजुरी बुडवून आलेली ती आई याही वर्षी आली होती. चिंचेखाली उभी राहून तिने सगळा नाच पाहिला. तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं मला धाडस होत नव्हतं, पण शेवटी पाहिलं. बरं झालं पाहिलं ते.

तर मग मुलांनो, या रविवारी एक काम करा. घरातल्या माणसांना त्यांची प्रत्येकी पाच आवडती गाणी विचारा आणि वहीत यादी करा. माळ्यावर, कपाटात, पत्र्याच्या पेटीत जुन्या कॅसेट किंवा सीडी आहेत का ते शोधा. आणि घरात जो कुणी गुणगुणतो त्याचा आवाज, मोबाईलवर का होईना, मुद्रित करून दोन ठिकाणी ठेवा. प्लेअर नसला तरी चालेल. जुना, सिम काढलेला मोबाईलही तेवढ्यापुरता प्लेअरच होतो.

आणि पालकहो, तुम्हांला एकच विनंती. येत्या दिवाळीत माळा आवराल, तेव्हा भंगाराच्या पोत्यात कॅसेट टाकण्याआधी त्यावरचं अक्षर एकदा वाचा. ते कुणाचं आहे ते बघा. वाजवायला टेप नसेल तर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे न्या, एकदा पुरती ऐका आणि मगच काय ते ठरवा.

माझ्याकडून ते राहून गेलं. तुमच्याकडून राहू नये.